मुरंब्याचे विजय भटकर आणि ‘परम’ महासंगणक



गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत भूगोलाचा तास चालू असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस विचारलें, “सर, उद्यां पाऊस किती पडणार हें पुण्याच्या यंत्रास आज कळतें असें आपण सांगतां, मग २०२१ सालीं तळियेच्या लोकांस तें कां कळलें नाहीं?” प्रश्न ऐकून वर्ग स्तब्ध झाला. आम्हीही क्षणभर निरुत्तर झालों. कारण त्याच वर्गांत अशीं मुलें बसलीं होतीं कीं, ज्यांच्या घरांतील वह्यापुस्तकें, धान्य व भांडींकुंडीं त्या वर्षींच्या चिखलांत गेलीं होतीं. असल्या प्रश्नास तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत कांहींतरी उत्तर देऊन टाकणें म्हणजे प्रश्नकर्त्याचा अपमान करणें होय. म्हणून वार्षिकांत त्याचें उत्तर लिहूं असें वचन आम्हीं दिलें. त्या वचनाची फेड म्हणजे हा लेख.

उत्तर शोधूं लागल्यावर आम्ही एका चरित्रापाशीं येऊन पोहोंचलों. तें चरित्र आमच्या कोंकणांतील नव्हे, वऱ्हाडांतील एका खेड्यांत जन्मलेल्या मराठी मुलाचें आहे. तथापि त्याच्या कार्याचा धागा वरंधा घाट उतरून थेट आमच्या सावित्रीच्या कांठापर्यंत कसा येतो, हें पुढें दिसून येईल.

१. प्रश्नाचें मूळ

सावित्री नदी महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते, पोलादपुरावरून वाहते, महाडपाशीं गांधारीस भेटते आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. सुमारें १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरावर जो पाऊस पडतो त्याचा मोठा वांटा कांहीं तासांत आमच्या दाराशीं येतो. २२ व २३ जुलै २०२१ या दरम्यानच्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं सुमारें ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या आंकड्याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यांत सुमारें १०१ चौरस मीटर जागा असते. तेव्हां त्या एका दिवसांत दर गुंठ्यावर सुमारें ६० हजार लिटर पाणी कोसळलें. असे गुंठे त्या डोंगरावर किती, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

त्या दिवशीं महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली. तळिये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें दगावलीं. पोलादपूर तालुक्यांत साखर सुतारवाडी व केवनाळे येथेंही दरडींनीं बळी घेतले. वीज गेली, रस्ते तुटले, भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले. हें संकट पहिलेंच नव्हतें. २००५ सालच्या जुलै महिन्यांत दासगांव, जुई इत्यादि गांवांवर दरडी आल्या होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील जुना दगडी पूल वाहून जाऊन दोन एस. टी. गाड्या व इतर वाहनें पुरांत नाहींशीं झालीं होतीं. म्हणून पाऊस आधीं ओळखणें हा आमच्या तालुक्यांत जीवनमरणाचा प्रश्न आहे. केवळ परीक्षेंतील गुणांचा नव्हे.

२. बालपण व शिक्षण

डॉ. विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजीं अकोला जिल्ह्यांतील, मुर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या खेड्यांत झाला. तो प्रांत काळ्या मातीचा व कापसाचा. त्यांच्या जन्माच्या पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १९४७ मध्यें, अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली यांच्या हातून ट्रान्झिस्टर जन्मास आला. तोंपर्यंत रेडिओ म्हणजे कांचेच्या तापणाऱ्या नळ्यांची जड पेटी असे. ट्रान्झिस्टरनें ती पेटी खिशांत मावेल एवढी केली, आणि त्याच लहानशा पदार्थाच्या बळावर पुढें संगणकही उभा राहिला. रेडिओ व संगणक हीं एकाच कुळांतील भावंडें आहेत हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

भटकरांनीं नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९६५ सालीं अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढें बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांतून १९६८ सालीं पदव्युत्तर पदवी व दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतून १९७२ सालीं डॉक्टरेट संपादिली. मुरंबा, नागपूर, बडोदें, दिल्ली: या चार नांवांत एका खेड्यांतील मुलाचा सारा विद्याप्रवास सांठविलेला आहे. यांत परदेशच्या विद्यापीठाचें नांव नाहीं, हें आम्ही मुद्दाम दाखवून देतों. परदेशीं शिकणें वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं; परंतु विद्या समुद्रापलीकडेच मिळते अशी समजूत करून घेऊन जे हातावर हात ठेवून बसतात, त्यांनीं या चार नांवांचा विचार करावा.

३. प्रयोगशाळेंतून कचेरींत

विद्वान् मनुष्य सरकारी कचेरींत गेला कीं त्याची विद्या फाइलींत वाळून जाते, असें पुष्कळांस वाटतें. पण एखादा उद्योग देशांत मुळींच नसेल, तर तो उभा करावयास कारागीर लागतो तसा कारागिरी जाणणारा कारभारीही लागतो. आपल्या देशांत इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगाची पद्धतशीर आंखणी डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालीं १९६३ सालीं नेमलेल्या समितीपासून सुरू झाली. समितीचा अहवाल १९६६ सालीं, भाभांच्या अपघाती मृत्यूच्या वर्षीं, बाहेर आला. १९६७ सालीं हैदराबाद येथें इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली. १९७० सालीं केंद्र सरकारचें स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स खातें व १९७१ सालीं इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. दिल्लीचें शिक्षण संपवून भटकर या आयोगाच्या कार्यांत शिरले. कोणता माल देशांत करतां येईल, कोणता बाहेरून आणावा लागेल, कोणत्या विषयाचे तज्ज्ञ किती लागतील, असले रुक्ष परंतु मूलभूत प्रश्न तेथें सोडवावे लागत.

पुढें १९८० सालीं ते केरळांत त्रिवेंद्रम येथें इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचे संचालक झाले व १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. केरळ राज्यानें १९७३ सालीं ‘केल्ट्रॉन’ नांवाची इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी काढली होती. तिच्याच परिवारांतील हें केंद्र होय. कारखान्यांतील यंत्रांचें नियंत्रण इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्यानें कसें करावें, हा तेथील संशोधनाचा एक मुख्य विषय होता. अशा रीतीनें एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत भटकरांपाशीं दोन प्रकारची शिदोरी जमली: एक विद्येची व दुसरी माणसें एकत्र आणून काम तडीस नेण्याची. दुसरी नसती तर पहिली एकट्याच्याच उपयोगीं पडली असती.

४. पावसाचें गणित

आतां थोडें विषयांतर करून पावसाचें भाकीत कसें होतें तें पाहूं. पंचांगांतील मेंढा-बेडूक पाहून केलेलें भाकीत व हवामानशास्त्राचें भाकीत यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. हवा ही वस्तु आहे. तिला वजन आहे, उष्णता आहे, वेग आहे. ती कशी वागेल याचे नियम पदार्थविज्ञानानें बसविले आहेत. पृथ्वीभोंवतालची हवा लहान लहान पेट्यांत विभागली आहे अशी कल्पना करावयाची. प्रत्येक पेटींतील हवेचा दाब, उष्णमान, ओलावा व वारा हीं मापून लिहावयाचीं. आणि शेजारच्या पेट्यांचा परिणाम धरून कांहीं मिनिटांनीं त्या पेटीची स्थिति काय होईल तें गणितानें काढावयाचें. तें उत्तर हातीं घेऊन पुढच्या कांहीं मिनिटांचें गणित करावयाचें. असें करीत करीत उद्यांपर्यंत पोहोंचावयाचें. रीत सोपी आहे. पण गणितें कोट्यवधि आहेत.

ही रीत प्रथम सविस्तर मांडणारा पुरुष इंग्लंडमधील लुई फ्राय रिचर्डसन हा होय. तो क्वेकर पंथाचा धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता. पहिल्या महायुद्धांत शस्त्र धरण्याचें नाकारून तो फ्रान्समध्यें जखमींची ने-आण करणाऱ्या पथकांत गेला. त्या धामधुमींत फावल्या वेळीं त्यानें २० मे १९१० या दिवसाच्या अवघ्या सहा तासांचें हवामान हातानें गणित करून काढलें. त्यास सुमारें सहा आठवडे लागले, आणि उत्तर सपशेल चुकलें! सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढेल असें गणित सांगत होतें; प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिरच होता. त्याचे कागदही युद्धांत हरवले व पुढें बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडले. तरीही १९२२ सालीं त्यानें आपली रीत, आपल्या चुकलेल्या उत्तरासह, ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. जगाच्या हवामानाबरोबर पावलें टाकावयाचीं तर ६४ हजार गणिती एकाच वेळीं बसवावे लागतील, असा त्याचा अंदाज होता. मित्रहो, आपलें चुकलेलें उदाहरण खोडून टाकणाऱ्या मुलास आम्ही नेहमीं या रिचर्डसनची गोष्ट सांगतों. त्याची रीत खरी होती. आरंभींच्या मापांतील दोषानें उत्तर बिघडलें होतें. १९५० सालीं अमेरिकेंत एनिॲक नांवाच्या संगणकावर त्याच मार्गानें पहिलीं यशस्वी भाकितें काढण्यांत आलीं. त्या वेळीं चोवीस तासांचें भाकीत काढावयास यंत्रास जवळजवळ चोवीसच तास लागत.

येथें आमच्या तालुक्याच्या दृष्टीनें एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. पोलादपूर ते महाबळेश्वर हें अंतर सरळ रेषेंत २५ किलोमीटरांहूनही कमी आहे. पण तेवढ्यांत जमीन एक किलोमीटराहून अधिक उंच चढते, व पावसाचें मान पार बदलतें. आतां हवेची पेटी १०० किलोमीटर रुंदीची धरली, तर महाड, पोलादपूर, महाबळेश्वर व वाई हीं सर्व एकाच पेटींत जातील, आणि त्या यंत्राच्या लेखीं आमचा सह्याद्रि नाहींसाच होईल! पेटी लहान करावी तर गणितें वाढतात. पेटीची लांबी-रुंदी निम्मी केली कीं पेट्या चौपट होतात. शिवाय वेळेचे टप्पेही निम्मे घ्यावे लागतात. म्हणजे काम आठपट होतें. सह्याद्रि ओळखणारें भाकीत हवें असेल तर प्रचंड वेगाचा संगणक हवा, तो यामुळें.

५. नकार आणि त्याचें उत्तर

१९८० नंतरच्या दशकांत असले महासंगणक अमेरिकेंतील क्रे नांवाच्या कंपनीचे नांवाजलेले होते. मान्सूनच्या अभ्यासासाठीं भारतानें ‘क्रे एक्स-एम-पी २४’ हें यंत्र मागितलें. जें यंत्र पावसाचें गणित करतें तेंच अण्वस्त्रांचेंही करूं शकतें, या शंकेनें अमेरिकी सरकारनें तें देण्याचें नाकारलें व त्याहून कमी शक्तीचें ‘एक्स-एम-पी १४’, तेंही अटी घालून, देऊं केलें. यांतील पहिला आंकडा गणक-प्रक्रियकांची संख्या दाखवितो. म्हणजे दोनांच्या ऐवजीं एक मिळाला. तें यंत्र दिल्लीच्या मध्यम-पल्ला हवामान केंद्रांत बसलें व १९८९ पासून काम करूं लागलें.

विकत मिळत नाहीं तर आपणच करूं, असा निश्चय झाला. मार्च १९८८ मध्यें पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सर्वांस ठाऊक असलेलें ‘सी-डॅक’, स्थापन झालें व त्याची धुरा भटकरांच्या खांद्यावर आली. मुदत ३ वर्षांची व पैसा सुमारें ३० कोटी रुपये. क्रे कंपनीच्या तोडीचा एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविणें त्या मुदतींत शक्य नव्हतें. म्हणून भटकर व त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट धरली, आणि ती वाट आमच्या भातशेतीस ठाऊक आहे.

लावणीचे दिवस आठवा. एकच मनुष्य कितीही चपळ असला तरी एका दिवसांत किती खाचरें लावील? पण शेजारपाजारचीं पन्नास माणसें एका ओळींत उतरलीं कीं दुपारपर्यंत शेत हिरवें होतें. यासच देशावर इर्जिक म्हणतात. भटकरांनीं यंत्रांची इर्जिक घातली. इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचा ‘ट्रान्सप्यूटर’ नांवाचा लहान प्रक्रियक त्या वेळीं बाजारांत मिळत असे. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार बाजूंच्या चार शेजाऱ्यांशीं निरोप देण्याघेण्याची सोय होती. असे अनेक प्रक्रियक जोडून एकच मोठें गणित त्यांच्यांत वांटून द्यावयाचें, ही ‘समांतर संगणना’ होय. हवेच्या पेट्यांचें गणित तर यास विशेष सोयीचें. कारण तेथेंही प्रत्येक पेटीचा संबंध मुख्यतः शेजारच्या पेट्यांशींच येतो.

इर्जिकीस माणसें बोलावणें सोपें. पण कोणीं कोठें लावावें, रोपांच्या मुठी कोणीं पुरवाव्या, हें ठरविणारा नसेल तर चिखलांत गोंधळ होतो. समांतर संगणनेंतही खरी कसोटी प्रक्रियक जोडण्यांत नाहीं; काम वांटण्याच्या आज्ञावली लिहिण्यांत आहे. तें कार्य सी-डॅकमधील तरुण मंडळींनीं केलें. १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक देशापुढें आला. सेकंदास सुमारें १०० कोटी गणितें करण्याची त्याची कमाल शक्ति होती. ‘परम’ म्हणजे श्रेष्ठ; शिवाय ‘पॅरलल मशीन’ या शब्दांतील अक्षरेंही त्यांत आलीं आहेत. त्याच सुमारास रशियांत मॉस्को येथेंही परम बसविण्यांत आला. १९९८ सालीं ‘परम १००००’ तयार झाला. त्याची शक्ति पहिल्याच्या सुमारें शंभरपट होती.

सर्व श्रेय एकाच माणसास देणें हें सत्यास धरून होणार नाहीं. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेंत ‘फ्लोसॉल्व्हर’ व तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत ‘अनुपम’ हीं समांतर यंत्रें त्याच काळांत झालीं. भटकरांचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं मुदत व पैसा यांचा शब्द पाळून वस्तु हातीं दिली. देशानें त्यांस २००० सालीं पद्मश्री व २०१५ सालीं पद्मभूषण दिलें. महाराष्ट्रानें ‘महाराष्ट्रभूषण’ म्हणून गौरविलें. जानेवारी २०१७ मध्यें नालंदा विद्यापीठाच्या कुलपतिपदावर त्यांची नेमणूक झाली.

सी-डॅकच्या कार्याचा आणखी एक भाग आम्हां भाषाशिक्षकांस विशेष प्रिय आहे. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेंत आरंभ झालेलें ‘जिस्ट’ तंत्र त्या केंद्रांत वाढलें, व संगणकाच्या पडद्यावर देवनागरीसह भारतीय लिप्या दिसूं लागल्या. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या सांकेतिक मांडणीचें राष्ट्रीय प्रमाणही ठरलें. यंत्रास इंग्रजीच समजते, हा समज अशा प्रयत्नांनीं मोडला.

६. दूरदेशींचें एक साम्य

अशा चरित्रास परदेशांतही जोड सांपडते. चीनमध्यें वांग झेंग नांवाचा एक तरुण बिनतारी यंत्राचा जाणकार होता. १९३० च्या अखेरीस यादवी युद्धांत तो शत्रुपक्षाच्या हातीं सांपडला, व त्याच पक्षास मिळाला. हातीं आलेला संच अर्धवट होता. त्यावर संदेश ऐकूं येत, पण धाडतां येत नसत. त्या अर्ध्या संचापासून १९३१ सालीं आरंभ करून त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं लाल सैन्याचें बिनतारी दळणवळण उभारलें. आणि पुढें १९६३ सालीं इलेक्ट्रॉनिक्स उद्योग सांभाळणाऱ्या नव्या मंत्रालयाचा तो प्रमुख झाला. त्याचा मार्ग युद्धाचा, भटकरांचा विद्यापीठाचा. दोन्ही देशांची राज्यपद्धति निराळी. परंतु दोघांच्या चरित्रांत एक गोष्ट सारखी आहे. हातांत जें अपुरें साधन आहे तेथूनच त्यांनीं आरंभ केला. पुरें साधन मिळेपर्यंत ते थांबले नाहींत.

७. विद्यार्थ्याच्या प्रश्नास उत्तर

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पाऊस ओळखून जीव वांचविण्याच्या कार्यास तीन दुवे आहेत: मापणें, गणित करणें आणि कळविणें.

दुसरा दुवा, म्हणजे गणिताचा, दिवसेंदिवस बळकट होत आहे. २०१८ सालीं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत ‘प्रत्यूष’ नांवाचा महासंगणक बसला. तो क्रे याच कंपनीचा होता हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. एके काळीं जें दार बंद होतें तें उघडलें होतें. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं त्याच संस्थेंतील ‘अर्क’ या अधिक शक्तिमान् यंत्राचें उद्घाटन झालें, आणि मे २०२५ मध्यें ६ किलोमीटर रुंदीच्या पेट्यांची नवी भाकीत-पद्धति सुरू झाली. सहा किलोमीटरांच्या पेटींत महाड निराळें दिसतें व महाबळेश्वर निराळें. म्हणजे गणितास सह्याद्रि दिसूं लागला. त्याच २०२४ च्या सप्टेंबरांत सी-डॅकच्या परंपरेंतील तीन ‘परम रुद्र’ यंत्रेंही देशास अर्पण झालीं. त्यांतील एक नारायणगांवाजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठीं आहे. रेडिओ व संगणक हीं भावंडें आहेत असें आम्ही वर म्हटलें, त्याची खूण तेथें पाहावी.

पण पाऊस किती पडेल हें कळणें निराळें, व कोणत्या डोंगराची कोणती बाजू कोणत्या घटकेस सुटेल हें कळणें निराळें. जुलै २०२१ मध्यें कोंकणाकरितां अतिवृष्टीचे इशारे निघाले होते. परंतु तळियेवरचा डोंगर त्या सायंकाळीं खचेल, हें त्या इशाऱ्यांत सांगतां येण्यासारखें नव्हतें. दरड ही मातीची जाडी, खडकाची ठेवण, उतार, झाडोरा व मुरलेलें पाणी या सर्वांवर अवलंबून असते, आणि हीं मापें प्रत्येक वाडीगणिक बदलतात. म्हणून विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: यंत्रास पावसाचा अंदाज होता, दरडीचा नव्हता, आणि यंत्रास जेवढें कळतें तेवढेंही शेवटच्या वाडीपर्यंत वेळेवर पोहोंचून लोकांस घर सोडावयास लावील, असा तिसरा दुवा अजून कच्चा आहे. वीज व मनोरे बंद पडल्यावर तो सर्वांत आधीं तुटतो.

हें उत्तर समाधानकारक नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांस कोणत्याही गणितानें समाधान देतां येणार नाहीं, व तसा आव आम्ही आणीत नाहीं. परंतु पहिला व तिसरा दुवा हे कांहीं अंशीं तुमच्या हातचे आहेत. सरळ उभ्या बाजूंची बाटली व फूटपट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक होतो. रोज सकाळीं साडेआठ वाजतां माप घेऊन वहींत लिहिणारा मुलगा प्रत्येक वाडींत असेल, तर आपल्या डोंगरावर किती पाणी मुरलें हें गांवास कळेल. जमिनीस नव्या भेगा पडणें, झाडें वा खांब कलणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा आटणें, दारें-खिडक्या अडकूं लागणें, हीं दरडीचीं पूर्वचिन्हें आहेत. तीं दिसतांच मोठ्या माणसांस सांगावें, घर सोडावें, व जिल्हा नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर कळवावें. बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ पावसाळ्यांत घरीं ठेवावा. वीज गेल्यावर जगाचा शब्द त्यांतूनच ऐकूं येतो.

खडकावर घर बांधणारा व वाळूवर घर बांधणारा अशा दोन मनुष्यांचा दृष्टान्त प्रभु येशूनें सांगितला आहे. तो आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकतों. पाऊस व पूर दोन्ही घरांवर सारखाच आला, हें त्या दृष्टान्तांत विसरण्याजोगें नाहीं. संकट टळावें हें मागणें योग्य आहे. पण संकट येण्यापूर्वीं पाया पाहून ठेवणें हें मनुष्याचें कर्तव्य आहे. मुरंब्याच्या एका मुलानें आपल्या बुद्धीचें ऋण असें फेडलें. महाडच्या किंवा पोलादपूरच्या एखाद्या मुलानें वा मुलीनें उद्यां दरडीचें गणित सोडवावें, अशी आमची उमेद आहे. ज्या विद्यार्थ्यानें तो प्रश्न विचारला त्यास आम्ही एवढेंच सांगूं इच्छितों: प्रश्न मागें घेऊं नकोस.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या शाळेच्या पटांगणाचें क्षेत्रफळ काढून, त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लिटर पाणी जमेल तें सांगा.

२. हवेच्या पेटीची रुंदी १२ किलोमीटरांवरून ६ व ६ वरून ३ किलोमीटर केल्यास गणिताचें काम एकंदर किती पट वाढेल?

३. समांतर संगणना व भाताची लावणी यांतील साम्य व भेद प्रत्येकीं दोन वाक्यांत लिहा.

४. आपल्या वाडींत पावसाचा इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोंचविण्याची, विजेवर अवलंबून नसलेली, एक योजना आपल्या वडीलधाऱ्यांशीं बोलून लिहून आणा.